पावणेतीन लाख जास्त मोजून स्ट्राँग हायब्रिड घ्यावी का?

मुक्काम कोथरूड
आमची डिझेल स्विफ्ट बारा वर्षांची झाली, आता बदलणं आलं. रोज कोथरूड-खराडी, जाऊन-येऊन चाळीस किमी, वर्षाचे तेरा हजार धरा. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर, दोन्ही स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत मोटर, थोडं अंतर नुसत्या बॅटरीवरही चालते) चालवून बघितल्या. आतून सख्ख्या बहिणी, तेच टोयोटाचं दीड लिटरचं तीन सिलिंडर इंजिन, तीच मोटर, कागदावर दोघींचं अॅव्हरेज लिटरला २७.९७ किमी. २०२२ ला विटारा आली तेव्हा वरच्या मॉडेलच्या साध्या ऑटोमॅटिकमध्ये आणि स्ट्राँगमध्ये पावणेतीन लाखांचा फरक होता, तोच धरून हिशोब मांडलाय. ट्रॅफिकमध्ये साधी ऑटोमॅटिक ११ देईल, स्ट्राँग २२. म्हणजे वर्षाला ५९० लिटर वाचले, १०४ च्या भावाने साठेक हजार. पाच वर्षांत पैसे वसूल, पुढे सगळा फायदा. मी तरी स्ट्राँगच्या बाजूने आहे, चुकत असेन तर सांगा.

पै पै
चुकताय. आपल्याकडे रोड टॅक्सला हायब्रिड म्हणजे पेट्रोलच, दहा ते वीस लाखाला १२ टक्के, म्हणजे फरकावर अजून तेहतीस हजार. यूपीने २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला होता तसं इथे काही नाही. जीएसटीत पण इलेक्ट्रिकला ५ आणि या गाड्यांना ४०. आणि कर्ज काढणार असाल तर वरच्या तीन लाखांवर ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षी सत्तावीस हजार व्याजच जातं, तुमच्या साठ हजारांतले उरले किती ते बघा.

सातारकर मावळा
आणि हायवेवाल्यांनी तर या नादाला लागूच नये. हायब्रिडची सगळी मजा ब्रेक मारण्यात, ब्रेक मारला की बॅटरी भरते. पुणे-सातारा एकसारखं शंभरने गेलात की इंजिनच ओढतं, मग फरक चार-पाच किमीचा राहतो. खंबाटकी चढताना ते तीन सिलिंडर इंजिन जे काही केकाटतं ना राव, शेजारी बसलेला विचारतो, गिअर अडकला का. त्यापेक्षा होंडाची हायब्रिड, सिटी ई-एचईव्ही चालवून बघा, चार सिलिंडर आहे. शहरात इंजिन नुसतं जनरेटरचं काम करतं, चाकं फिरवते मोटर. पळते पण झकास.

चिपळूणची सून
भाऊ, सिटीची डिकी उघडून बघितलीत का कधी? पेट्रोलची ५०६ लिटर, हायब्रिडची ३०६. बॅटरी तिथेच बसवलीय. विटाराचं पण तेच, ३७३ वरून २६५. आम्ही गणपतीला गावाला जातो तेव्हा दोन मोठ्या बॅगा, मखराचं सामान, सासूबाईंचा मोदकपात्राचा खोका, आणि येताना फणसपोळ्या नि तांदळाची गोणी. अॅव्हरेज चाटायचं का मग, कॅरियर लावून?

पै पै
ताई बरोबर बोलल्या. म्हणून म्हणतो सीएनजी विटारा घ्या, किलोला २६.६ चा आकडा आहे, शिवाय स्वस्त.

चिपळूणची सून
सीएनजीचा सिलिंडर काय टपावर असतो का? 😄 तो पण डिकीतच. आणि पंपावरची रांग बघितलीय.

मुक्काम कोथरूड
व्याजाचं मान्य, ते मी धरलंच नव्हतं. पण मी कर्ज लाखा-दोन लाखांचंच काढतोय. आणि एक गोष्ट आकड्यात बसत नाही. टेस्ट ड्राइव्हला संचेतीच्या चौकात वीस मिनिटं अडकलो होतो, एसी चालू, इंजिन बंद, स्क्रीनवर हिरवं ईव्ही. गाडी दहा-दहा फूट सरकत होती तरी आवाज नाही, पेट्रोल नाही. मधेच बॅटरी उतरली की इंजिन दोन मिनिटं घुरघुरायचं आणि परत चिडीचूप. रोज दोन तास असं बसतो हो मी.

सातारकर मावळा
आठ वर्षांनी बॅटरी गेली की कळेल चिडीचूप म्हणजे काय.

मुक्काम कोथरूड
वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी आहे. आणि ती काही इलेक्ट्रिक गाडीएवढी मोठी नाही, जेमतेम पाऊण युनिट वीज मावते तिच्यात. माझे तेरा हजाराने आठ वर्षांत लाखभर किमीच होतात. स्मार्ट हायब्रिड (विटाराच्या साध्या पेट्रोललाच दिलेलं नाव) मात्र कुणी सुचवू नका, ती नुसत्या बॅटरीवर एक फूट सरकत नाही, हायब्रिड नावापुरतीच.

पै पै
तुमचं ठरलंय तर विचारता कशाला?

मुक्काम कोथरूड
डिकीचं ठरलं नाहीये. बायको वरच्या दोन कमेंट वाचून गप्प झालीय. रविवारी घरातली मोठी व्हीआयपी बॅग आणि मोदकपात्राएवढा खोका घेऊनच शोरूमला जातोय.