दाराचं लॅच जड जातंय? तुमचे अनुभव लिहा

पावसाळा लागला की आमच्या दाराची किल्ली फिरता फिरत नाही. गेल्या आठवड्यात आई भाजी घेऊन आली आणि पाऊण तास जिन्यात बसून राहिली. संधिवातामुळे तिच्या बोटांत जोर नाही. तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत, सविस्तर लिहा.

*

आधी दार उघडं ठेवून किल्ली फिरवा. सहज फिरली तर कुलूप ठीक आहे, दुखणं दारात आहे. आमचं चिपळूणचं दार फणसाच्या लाकडाचं. जुलैत फुगतं आणि बोल्ट (किल्ली फिरवल्यावर बाहेर येणारी कुलपाची जीभ) चौकटीवरच्या पट्टीच्या खाचेत न शिरता कडेला घासतो. सासऱ्यांनी बोल्टच्या टोकाला ओलं कुंकू लावलं, दार लोटून किल्ली फिरवली. खाचेच्या कडेला लाल ठसा उमटला, जेमतेम दोन मिलिमीटर. तेवढंच कानशीने घासलं. सुतार रंधा मारायला निघाला होता, त्याला थांबवलं ते बरं झालं. उन्हाळ्यात लाकूड आक्रसल्यावर फट पडली असती.

*

आमचं दार फुगलं नव्हतं, खाली बसलं होतं. वरच्या बिजागरीचे स्क्रू भोकात नुसतेच फिरत होते. काडेपेटीच्या काड्या गुल काढून, फेविकॉल लावून भोकात ठोकल्या, वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळले. दोन वर्षं झाली, दार हललेलं नाही.

*

कुलपात खोबरेल घालू नका, कळकळीने सांगते! २४-२५ अंशांखाली ते थिजतं. नाशकात डिसेंबरच्या पहाटे माझी किल्ली अर्ध्यात अडकली. शिवाय तेलाला धूळ धरून आत काळा चिखल झालेला. किल्लीवाल्याने कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो गोल भाग, काढून धुऊन दिला. आता पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासते, ती पूड किल्लीच्या दातांना लावून किल्ली पाच-सहा वेळा आत-बाहेर करते. दिवाळीआधी एकदा, पावसाळ्याआधी एकदा. आधीचं तेल धुतल्याशिवाय मात्र पूड घालू नका, तिचाही लगदा होतो.

*

उघड्या दारातही जड जात असेल तर किल्ली तपासा. आमची डुप्लिकेटवरून काढलेली डुप्लिकेट होती. आतल्या पिना किल्लीच्या खाचांप्रमाणे उचलल्या जातात, जरासा फरकही अडतो. कपाटातली मूळ किल्ली लावली, लगेच फिरली. आता नवी नेहमी मूळ किल्लीवरूनच काढतो.

*

सगळ्यांचे आभार. उघड्या दारात आईनेच किल्ली फिरवली, दोन बोटांनी. कुंकवाचा ठसा खाचेच्या खाली आलाय आणि वरची बिजागरी हाताने हलतेय. काड्या आणि फेविकॉल काढून ठेवलंय, उद्या सकाळी बसतो.