लिव्हर-ॲक्शन पॉइंट टू टू ५० मीटरला बोल्टइतकी नेमकी का बसत नाही?

नळीचा_नाद विचारतो:

नमस्कार मंडळी. मामांनी त्यांची लिव्हर-ॲक्शन पॉइंट टू टू, म्हणजे चापाजवळची कडी खाली-वर करून पुढचं काडतूस चढवायची ०.२२ इंची रायफल, मला दिली, त्याला आता वर्ष होईल. उभ्याने मारायला इतकी गोड रायफल मी दुसरी हाताळलेली नाही. पण मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच ती बेंचवर ठेवून, वाळूच्या पिशव्यांवर टेकवून ५० मीटरला कागद मारला आणि मन खट्टू झालं.

पाच-पाच गोळ्यांचे सहा ग्रुप घेतले (ग्रुप म्हणजे एकाच ठिकाणी नेम धरून मारलेल्या गोळ्यांचा पसारा, जितका लहान तितका चांगला). सगळ्यात लहान ३६ मिमी, सगळ्यात मोठा ४८. शेजारी मित्राची बोल्ट-ॲक्शन (दांडा मागे-पुढे सरकवून भरायची रायफल) होती. काडतुसांचा डबा तोच, वारा तोच, मारणाराही मीच, आणि तिचे ग्रुप १५ ते २१ मिमी. दोन्हींवर स्कोप आहे.

आणखी एक गोष्ट खटकली. नळीखालचं ट्यूब मॅगझिन (काडतुसं साठवायची लांब ट्यूब) पूर्ण भरलं की पहिल्या पाच गोळ्या एकीकडे जातात आणि शेवटच्या पाच बोटभर खाली सरकतात. बहुतेक वेळा हेच झालं.

दोष लिव्हरच्या घडणीतच असतो की माझ्या रायफलमध्ये काही बिघडलंय? घडणीत असेल तर मी बोल्ट घ्यायच्या मागे लागेन. पण ही सोडवत नाही, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

दहाचा_ठिपका:

थोडक्यात सांगतो. ५० मीटर रायफलच्या ऑलिंपिक टारगेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं असतं आणि गोळी ५.६ मिमीची. तिथे पोचलेल्या कुठल्याही नेमबाजाच्या हातात तुला लिव्हर दिसणार नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवलं ते याच अंतराच्या थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायच्या) प्रकारात. तिथे दर वेळी एकच काडतूस हाताने भरायचं असतं, मॅगझिन चालत नाही. म्हणजे लिव्हरचा जो खरा फायदा, पटापट पुढची गोळी, त्याला त्या खेळात जागाच नाही.

कागदावर बारीक ग्रुप हवे असतील तर बोल्ट घे. लिव्हर मौजेसाठी ठेव.

श्वास_रोखून:

दादांनी सांगितलं त्यात खोटं काही नाही, पण तेवढ्यावर रायफल बाजूला ठेवू नकोस. मी बोल्टवर वीस वर्षं काढली आहेत आणि गेली सहा वर्षं एक लिव्हरही चालवते. तुझं ते 'पहिल्या पाच एकीकडे, शेवटच्या पाच खाली' वाचलं आणि माझीच रायफल डोळ्यांसमोर आली. ते घडणीचं दुखणं नाही, तुझ्या रायफलचं आहे, आणि बऱ्याच अंशी बरं होणारं आहे.

आधी एक गैरसमज. बोल्ट घट्ट लॉक होतो म्हणून तो नेमका, असं सर्रास सांगतात. मोठ्या सेंटरफायर रायफलींत (पेटवणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मध्यात असतो त्या) त्यात तथ्य आहे. तिथे दाब ६०,००० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) घरात जातो आणि बोल्टच्या तोंडाशी असलेले लग्ज, म्हणजे अडकणारे खुंट, तो झेलतात. पॉइंट टू टू लाँग रायफलची कमाल मर्यादा २४,००० पीएसआय. त्यामुळे कित्येक रिमफायर (मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत, रिममध्ये असतो त्या) बोल्टना पुढे लग्ज नसतातच, हँडलचं मूळ रिसीव्हरच्या (नळीमागच्या धातूच्या सांगाड्याच्या) खाचेत बसतं तेच लॉक. म्हणजे लॉक मागच्या बाजूला, लिव्हरमध्ये असतं तसंच. फरक तिथून येत नाही.

तो येतो चाप ओढल्यानंतर. बोल्टमध्ये स्ट्रायकर (स्प्रिंगने सुटणारी पिन) सरळ रेषेत थोडंसंच अंतर कापून रिमवर आदळतो. लिव्हरमध्ये बाहेर दिसणारा जड घोडा अर्धवर्तुळात फिरत येतो, फायरिंग पिनवर आपटतो आणि मग पिन रिमवर. चाप सुटल्यापासून बार होईपर्यंतचा हा काळ, लॉक टाइम, लिव्हरमध्ये जास्त असतो आणि घोड्याच्या आपटण्याने रायफलला झटका बसतो तो वेगळाच. लॉक टाइमची चिंता आजची नाही. विंचेस्टरच्या मॉडेल ५२ या नावाजलेल्या टारगेट रायफललाही पुढे वेगळा 'स्पीड लॉक' बसवावा लागला होता, आणि ती तर बोल्टच. मॅच बोल्टचा, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेल्या बोल्टचा, चाप स्क्रू फिरवून हवा तितका हलका करता येतो. लिव्हरचा चाप मात्र घोड्याच्या जाड खाचेतून सुटावा लागतो, हाफ-कॉकची (घोडा अर्ध्यावर अडवून ठेवणारी) खाच सांभाळावी लागते, म्हणून तो जडच राहतो. पिशवीवर ठेवूनही जड चाप रायफल हलवतो. दर वेळी अगदी किंचित, पण दर वेळी वेगळ्या दिशेला.

आता तुझ्या दुखण्याकडे येते. चांगल्या बोल्टची नळी रिसीव्हरपासून पुढे मोकळी असते, लाकडाला कुठेही टेकत नाही. लिव्हरच्या नळीला एक आख्खा संसार लटकलेला असतो: खाली ट्यूब, ट्यूबला धरणारा पट्टा, फोरएंडचं (पुढच्या हाताने धरायचं) लाकूड, लाकडाच्या टोकाची धातूची टोपी. भरीला दस्ता दोन तुकड्यांचा. एक काडतूस साडेतीन ग्रॅमच्या आतलं, पंधरा भरली की झाले सुमारे ५० ग्रॅम. शिवाय पूर्ण भरलेल्या ट्यूबमध्ये स्प्रिंग दाबलेली असते आणि ती पुढच्या टोकाला रेटत असते. गोळ्या संपत जातात तसा रांगेचा पुढचा भाग रिकामा होतो, वजन रिसीव्हरकडे सरकतं, स्प्रिंग सैल पडते. सगळं सारखं आणि मोकळं बसलेलं असेल तर एवढ्याने फारसं बिघडत नाही. पण कुठे अडकलेलं असेल तर प्रत्येक गोळीला नळीवरचा ताण बदलतो आणि ग्रुप चालायला लागतो.

माझ्या रायफलमध्ये काय निघालं ते सांगते. रात्री टेबलावर दिव्याखाली उलटी ठेवली, ट्यूब आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) रिकामे आहेत हे दोनदा पाहिलं आणि वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी फोरएंड आणि नळीच्या मधून सरकवायला घेतली. डाव्या बाजूने पट्टी सहज रिसीव्हरपर्यंत गेली. उजव्या बाजूने टोपीपासून चार बोटांवर अडली. जोर केला तर कागदाला सुरकुती पडली आणि त्यावर लाकडाचं तेलकट बोट उमटलं. लाकूड फुगून तेवढ्या एका जागी नळीला रेटत होतं. स्क्रू सोडून फोरएंड काढला तेव्हा आतल्या बाजूला नखाएवढा चकचकीत डाग दिसला, घासून गुळगुळीत झालेला. तो डाग बारीक सँडपेपरने उतरवला, अर्धा मिलिमीटरही नाही, आणि उघड्या लाकडावर तेल चोळलं. स्क्रू परत लावताना आधी जोर काढून आवळायचे तसा आवळला नाही, हलत नाही इतपतच ठेवला. पट्ट्याच्या स्क्रूचंही तेच केलं. आधी पाच ग्रुपची सरासरी ३४ मिमी होती, नंतर २३. नळी तीच, काडतुसं तीच.

तू एवढं कर. आधी ट्यूबमध्ये एकच गोळी भरायची, मारायची, परत एक भरायची, असे दहा. मग ट्यूब पूर्ण भरून दहा. पहिला ग्रुप लहान निघाला आणि दुसरा चालला, तर गुन्हेगार ट्यूब आणि तिची बांधणी. दुसरं म्हणजे पिशवी कुठे ठेवतोस ते पाहा. लिव्हर नळीच्या तोंडाजवळ टेकवली की नळीच वाकते आणि गोळी वर जाते. रिसीव्हरच्या जितकी जवळ टेकवशील तितकं बरं, आणि दर वेळी त्याच जागी. लाकडावर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेव.

काडतुसांबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यात मोठी चोरी तिथे होते. २.६ ग्रॅमची स्टँडर्ड वेगाची गोळी ५० मीटरपर्यंत पोचताना साधारण १२-१३ सेंटिमीटर खाली पडते. एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला १० मीटरने कमी असला तर ती ५० मीटरला सुमारे ८ मिमी खाली लागते. १०० मीटरला तोच फरक तीन सेंटिमीटरच्या पुढे जातो. २५ मीटरला मात्र दोनच मिमी, म्हणून जवळून मारताना सगळ्या रायफली सारख्याच गुणी वाटतात. हाय व्हेलॉसिटी घेऊन हे सुटत नाही. ती ध्वनीच्या वेगापेक्षा जोरात निघते आणि वाटेत त्याच्या खाली येते, त्यात गोळ्या जास्त विखुरतात आणि आडव्या वाऱ्यातही ती स्टँडर्डपेक्षा जास्त वाहते. त्याच कंपनीच्या दोन लॉटमध्येसुद्धा फरक असतो. मित्राच्या बोल्टला तो डबा मानवला म्हणून तुझ्या नळीला मानवेलच असं नाही. चार प्रकारचे डबे आण, प्रत्येकाच्या आधी दहा-पंधरा गोळ्या वाया घाल म्हणजे नळीत आधीच्या मेणाचा थर बदलेल, आणि मग मोज.

लिव्हरची नळी मुळात वाईट नसते हे मात्र मनापासून सांगते. मार्लिनचं ३९ए घराणं १८९१ च्या मॉडेलपासून चालत आलंय. त्यात रिसीव्हर भक्कम, आणि बाजूचा एक मोठा स्क्रू सोडला की रायफल दोन भागांत निघते, नळी मागून साफ करता येते. विंचेस्टर ९४२२ देखील निगुतीने बनवलेली. नीट बसवलेली अशी लिव्हर आणि रोजच्या वापरातली साधारण बोल्ट यांत ५० मीटरला मला पाच-सात मिमीपेक्षा जास्त अंतर सहसा दिसत नाही. मॅच बोल्टची गोष्ट वेगळी, तिच्याशी बरोबरी करायला जाऊ नये.

आणि तू मारतोस तर उभ्याने! हात डोलण्यामुळेच तुझा ग्रुप ७० मिमीचा होतोय असं धर. रायफलचा दोष त्यात सरळ मिळवायचा नसतो, वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ. ३० मिमीची लिव्हर असेल तर एकूण ७६, १५ मिमीची बोल्ट असेल तर ७२ च्या आत. चार-पाच मिमीसाठी मामांची रायफल सोडणार आहेस का?

नळीचा_नाद:

ताई, तुमचं उत्तर छापून रेंजवर घेऊन गेलो होतो. एकेक गोळी भरून दहाचा ग्रुप ३१ मिमी, ट्यूब भरून ४६, आणि तोही उभा लांबट. घरी येऊन कागद सरकवला. फोरएंड दोन्ही बाजूंनी मोकळा निघाला, पण पुढचा पट्टा ट्यूबला तिरका धरून होता. पट्टा सोडल्याबरोबर ट्यूब टक्कन उजवीकडे उडाली, म्हणजे इतकी वर्षं ती नळीला ओढूनच होती. पट्टा सरळ बसवला, स्क्रू हलका आवळला. काल ट्यूब भरून दहा-दहाचे तीन ग्रुप घेतले: २९, ३३, २८. चालणं थांबलं! दुसऱ्या एका स्टँडर्ड डब्याने २५ सुद्धा मिळाला, पण तो एकच, म्हणून मोजत नाही.

आता एक शंका. मामा नळी कायम तोंडाकडून, लोखंडी सळईने साफ करत. त्याने काही बिघडलं असेल का? आणि घोड्याची स्प्रिंग थोडी कापून चाप हलका होतो असं एकाने सुचवलं, ते करू का?

दहाचा_ठिपका:

४६ वरून तिशीच्या आसपास, फक्त एक पट्टा सरळ करून? मान्य. मी घाईने लिहिलं होतं.

श्वास_रोखून:

पट्टा निघाला तर! फार बरं वाटलं.

सळईचं विचारलंस ते योग्य. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श तोंडाच्या कडेला होतो, त्या क्राउनला. सळई एका बाजूला घासत राहिली की तिथे कड झिजते आणि गोळीच्या मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो. पाहायची सोपी रीत म्हणजे कान साफ करायची कापसाची काडी. रायफल रिकामी करून काडी नळीच्या तोंडात किंचित घाल आणि कडेवरून बाहेर ओढत गोल फिरव. कुठे कापसाचे धागे अडकले तर तिथे बारीक बोचरी कड आहे. मग भिंग घेऊन पाहा, नळीच्या आतल्या पेचांची टोकं सगळीकडे सारखी उजळ दिसली पाहिजेत. झीज असेल तर चांगला गनस्मिथ क्राउन नव्याने कापून देतो, नळी बदलावी लागत नाही. यापुढे मागून ओढायची दोरीच वापर.

चेंबरच्या कडेवरही त्याच भिंगाने नजर टाक. रिकाम्या रायफलवर चाप ओढत राहिलं तर काही जुन्या घडणींत पिन थेट त्या कडेवर आदळते आणि तिथे खड्डा पडतो. मग रिम नीट बसत नाही.

स्प्रिंग मात्र कापू नकोस. रिमफायरमध्ये बारूद पेटवणारा मसाला रिमच्या घडीत असतो, पिनने ती घडी दर वेळी तितक्याच जोराने चिरडली पाहिजे. स्प्रिंग अशक्त झाली की एखादी गोळी उशिरा पेटते, एखादी पेटतच नाही, आणि वेगातला जो फरक डबे बदलून आत्ता कमी करतोयस तो चापाच्या बाजूने परत शिरतो. चाप जड राहू दे. रायफल रिकामी करून, स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घालून, रोज पंचवीस वेळा सावकाश ओढत जा. महिन्याने तोच दुसरा डबा घेऊन दहा-दहाचे पाच ग्रुप मार आणि पाचही आकडे टाक, नुसता सगळ्यात लहान नको.