काकांचा जुना स्टोव्ह आणि आजची गॅसबाटली

काकांकडचा जुना फ्रेंच ब्लूए हा कॅम्पिंगचा स्टोव्ह आट्यांच्या, म्हणजे फिरवून बसवायच्या, नव्या छोट्या गॅसबाटलीवर बसवायचाय असं तुम्ही लिहिलंय. कृपया तसं करू नका. 206 प्रकारच्या या स्टोव्हमधली सुई गॅसच्या डब्याचा पत्रा फोडते. डब्याला स्वतःची झडप नसते, गॅस अडवतं ते स्टोव्हमधलं रबर. म्हणूनच तो डबा संपेपर्यंत काढायचा नसतो. नव्या बाटलीत झडप बाटलीतच असते. तिच्यावर सुई घातलीत तर झडप कामातून जाईल आणि गॅस थांबवायला काहीच उरणार नाही. फोडायचे डबे युरोपात अजून विकतात, तेच शोधा.

या चर्चेत आधी कुणीतरी घरचा सिलिंडर रेग्युलेटर लावून जोडा म्हणालंय. ज्योत मिणमिणती येईल. रेग्युलेटर दाब साधारण 30 मिलीबारवर आणतो. या स्टोव्हचं जेट (गॅस बाहेर येतो ते बारीक भोक) थेट डब्याच्या दाबासाठी असतं, 20 अंशांना ब्युटेनचा दाब वातावरणापेक्षा सुमारे 1 बार जास्त. आणि रेग्युलेटर न लावता जोडणं तर अजिबात नको, घरच्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो, त्याचा दाब बराच जास्त.

स्टोव्ह मुळातच आट्यांचा निघाला तर गोष्ट वेगळी. ओ-रिंग (जोडावरचं रबरी कडं) मात्र बदलाच, वीस-तीस वर्षांचं रबर कडक होऊन चिरतं. मग उघड्यावर, आजूबाजूला काही पेटतं नसताना जोडा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. काडी त्यानंतर.