टिपण पाच शब्दांत

मुलं उतारा स्वतःच्या शब्दांत लिहिण्याऐवजी पुस्तकातली वाक्यंच उतरवतात, त्यावर ‘पुस्तक मिटून लिहायला लावा’ हा उपाय बरोबरच. पण टिपणातच अख्खी वाक्यं उतरली असतील तर मिटूनही नक्कलच होते. म्हणून परिच्छेदाला पाच-सहाच शब्द द्या. खाजन शेतीच्या (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या) उताऱ्यावर ‘मानशीचं दार – भरतीला बंद, ओहोटीला उघडं’ एवढं पुरतं (मानस म्हणजे बांधातली पाण्याची दार असलेली वाट). मग दहा मिनिटं दुसरं काम, आणि नुसत्या टिपणावरून तीन वाक्यं. दार बंद का होतं (बाहेरचं पाणी चढून ते दाबतं), हे ज्याला लिहिता येत नाही त्याला उतारा कळलेलाच नाही. त्याने तेवढाच भाग पुन्हा वाचावा.

समानार्थी शब्द मात्र शोधायला लावू नका. ‘भरती’चं ‘वाढ’ झालं की अर्थच गेला! खाजन, बांध, मानस हे शब्द तसेच ठेवायचे, वाक्यरचना बदलायची.