मनूची हँडी, स्कॅनचं बटण आणि मेमरीतल्या १२८ जागा
(मुलुंड पूर्वेतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शुक्रवारी संध्याकाळी झालेली चर्चा)

मनू (सी-६०२): नमस्कार सगळ्यांना. नाना, खरं तर तुम्हाला वेगळा मेसेज करणार होते, पण सेट घेऊन गच्चीवर जायचाही विषय आहे म्हणून इथेच विचारते. माझं हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स आलं! रिस्ट्रिक्टेड ग्रेड, म्हणून कॉलसाइन व्हीयू३ ने सुरू होतो. हँडीही घेतली, म्हणजे हातात धरायचा सेट. पण स्कॅन दाबलं की दोनपैकी एक होतं. कधी पहिल्याच चॅनेलवर अडकून नुसती खरखर ऐकवते, कधी तासभर फिरते आणि एक शब्द ऐकू येत नाही. ए-५०४ च्या दादाने केबल लावून १२८ च्या १२८ जागा भरून दिल्यात. त्यात कुठे काय आहे ते मला कळत नाहीये.

माई (बी-३०३): अगं वा, अभिनंदन! पेढे कधी?

सेक्रेटरी (ए-२०१): अभिनंदन मनू. ग्रुपवर विषय आलाच आहे तर विचारतो. असा सेट बाळगायला काही अडचण नाही ना? मागे ऑनलाइन वॉकीटॉकी विकणाऱ्या वेबसाइटींना नोटिसा गेल्याची बातमी होती. उद्या कोणी तक्रार केली तर मला उत्तर द्यावं लागेल.

नाना (बी-१०४): मनू, शाब्बास. मनापासून आनंद झाला. सेक्रेटरीसाहेब, आधी तुमचं उत्तर देतो. बातमी २०२५ मधली, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची. परवाना लागतो की नाही हे न सांगता सेट विकले जात होते, म्हणून ती कारवाई झाली. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून सेट नुसता जवळ ठेवायलाही परवाना लागतो. आमच्या लहानपणी घरातल्या साध्या रेडिओचं लायसन्सही पोस्टात जाऊन भरावं लागायचं. मनू केंद्र सरकारची परीक्षा देऊन पास झाली आहे, तिच्याकडे परवाना आहे. त्याची एक प्रत सोसायटीच्या फाइलला लावा, म्हणजे तुम्हीही निर्धास्त.

नाना (बी-१०४): गेटवरच्या वॉचमनकडचे दोन सेट वेगळे. ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातले, कमी शक्तीचे. मनू, तुझा सेट तिथे पोचतो म्हणून त्यांच्याशी त्यावरून बोलायचं नाही. तुझा परवाना हॅमच्या पट्ट्यांचा आहे. दोन मीटर म्हणतात त्या पट्ट्यात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि वर ४३४ ते ४३८.

काकू (सी-१०१): नाना, यावर पोलिसांचं बोलणं ऐकू येतं का हो?

नाना (बी-१०४): काकू, ते आपण शोधायचंच नाही. दुसऱ्याच्या यंत्रणेतलं बोलणं ऐकणं हे परवान्यात बसत नाही आणि मला ते पटतही नाही. हॅमच्या पट्ट्यात ऐकण्यासारखं इतकं आहे की आयुष्य पुरत नाही.

नाना (बी-१०४): आता मनूकडे. तुझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ मला दिसतंय, आणि दोन्हींत सेट बिघडलेला नाही. मेनूत स्क्वेल्च किती आहे ते बघून सांग.

मनू (सी-६०२): शून्य.

नाना (बी-१०४): मग बरोबर. स्क्वेल्च म्हणजे दार. सिग्नल ठरावीक जोराचा असेल तरच ते उघडतं, नाहीतर आवाज बंद. शून्यावर ते कायम सताड उघडं असतं. स्कॅनला थांबायचं कधी हे त्या दारावरूनच कळतं. दार उघडं दिसलं की सेट समजतो, इथे कोणीतरी बोलतंय, आणि थांबतो. म्हणून तुझा सेट पहिल्याच जागेवर अडकतो. स्क्वेल्च एकेक पायरी वर ने. खरखर जिथे बंद होईल तिथे थांब, फार तर आणखी एक पायरी. पार वर नेलास तर लांबचे बारीक सिग्नल आतच येणार नाहीत. कमकुवत कोणी बोलतंय असं वाटलं तर मेनूत न जाता बाजूचं मॉनिटर बटण दाबून धर, तेवढ्यापुरतं दार उघडतं. स्कॅन, मेमरी, सगळं नंतर. पहिले दोन दिवस फक्त हे कर.

मनू (सी-६०२): ३ वर खरखर बंद झाली. आता स्कॅन फिरतंय. पण अडकत नाही तसं काही ऐकवतही नाही.

नाना (बी-१०४): ही दुसरी तक्रार. कुठल्याही भरलेल्या जागेवर जा. पडद्यावर ‘सीटी’ असं काही लिहिलेलं दिसतंय?

मनू (सी-६०२): हो, बऱ्याच ठिकाणी.

नाना (बी-१०४): तो टोन. ६७ हर्ट्झपासून अडीचशेच्या आसपासपर्यंतचे हे खालच्या पट्टीतले सूर बोलण्याबरोबर गुपचूप जातात. टोन दोन बाजूंना लावता येतो. पाठवताना लावला तर रिपीटर (आपलं बोलणं ऐकून लांबवर पुन्हा पाठवणारं केंद्र) तुला ओळखून उघडतो, तो हवाच. ऐकताना लावला तर तोच टोन आला तरच तुझा सेट आवाज सोडतो. यादीतले टोन ऐकण्याच्या बाजूलाही लागले असणार. समोरचा तो टोन पाठवत नसेल तर तो जोरात बोलत असला तरी तुझ्याकडे शुकशुकाट. ऐकण्याच्या बाजूचे सगळे टोन काढ.

दादा (ए-५०४): ती यादी मी भरली होती. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रकाने एकदम भरले जातात. मनू, केबल घेऊन ये, दहा मिनिटांत सगळे काढून देतो. हाताने १२८ जागा कोण करत बसणार?

नाना (बी-१०४): दादा, तू काढून देशील हे मला माहीत आहे. पण १२८ जागा लागतातच कशाला? माझं म्हणणं ऐका. आधी सेटमधलं आहे तसं एकदा कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. मग सगळं पुसा. आणि मनूने स्वतःच्या हाताने, सेटच्या बटणांवर, दहाच्या आत जागा भराव्यात.

दादा (ए-५०४): नाना, आदर ठेवून सांगतो, हे मला पटत नाही. हाताने भरताना नावं देणं म्हणजे एकेक अक्षर फिरवत बसणं. काही सेटवर तर बटणांवरून नाव देताच येत नाही. आणि फाइल असली की सेट बिघडला तरी दुसऱ्यात तीच चढवता येते.

नाना (बी-१०४): नावांबद्दल आणि फाइलबद्दल तुझं शंभर टक्के बरोबर. ते कॉम्प्युटरवरच करा. पण गच्चीवर लॅपटॉप नसतो. समोरचा माणूस म्हणाला, ‘अमुक फ्रिक्वेन्सीवर ये’, तर तिथे उभं राहून, अंधारात, एका हाताने ते करता आलं पाहिजे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, फोन लागत नव्हते, दिवे गेले. अशा रात्री केबल शोधत बसणार का? ज्याला हाताने एक जागा भरता येते त्याने नंतर खुशाल फाइलने हजार भराव्यात.

दादा (ए-५०४): हे मान्य. आधी हाताने, मग फाइल.

मनू (सी-६०२): नाना, पण हाताने भरलेलं टिकत नाही. मेमरीत जाऊन टोन काढला, बंद करून चालू केला, टोन परत हजर.

नाना (बी-१०४): कारण तू मेमरीच्या जागेवर उभी राहून बदल केलास. सेटची दोन घरं आहेत. एक व्हीएफओ, जिथे कुठलाही आकडा मोकळेपणी टाकता येतो. दुसरं मेमरी, जिथे साठवलेलं नुसतं वाचलं जातं. बऱ्याच सेटवर मेमरीत केलेला बदल तेवढ्यापुरता असतो. कायमचा बदल हवा तर व्हीएफओमध्ये ये, आकडा टाक, रिपीटर असेल तर पाठवण्याची फ्रिक्वेन्सी किती आणि कुठल्या बाजूला सरकवायची ते लाव (दोन मीटरवर बहुतेक ६०० किलोहर्ट्झ), टोन लाव, आणि सगळं मनासारखं झालं की मगच साठव. त्या क्षणी सेटवर जे असतं ते सगळं त्या जागेत जातं. तुझ्या सेटवर आधी जुनी जागा पुसावी लागते की वरून लिहिलं तरी चालतं ते मॅन्युअलमध्ये बघ.

माई (बी-३०३): मध्येच बोलते, रागावू नका. माझ्या नातवाने अमेरिकेहून छोटा डिजिटल रेडिओ पाठवलाय. त्यालाही मेमरी आहे. आपोआप शोधायला लावलं की एफएम सगळी भरतात, पण माझी अस्मिता वाहिनी काही सापडत नाही. ५५० नंतर एकदम ५६०.

नाना (बी-१०४): माई, रागावतो कसला, हा तर याच विषयातला नेमका प्रश्न. याला स्टेप म्हणतात, म्हणजे शोधताना रेडिओ किती लांब उडी मारतो ते. अमेरिकेत मध्यम लहरींची केंद्रं १०-१० किलोहर्ट्झवर असतात, आपल्याकडे ९-९ वर. अस्मिता ५५८ वर आहे, संवादिता १०४४ वर. दोन्हींना ९ ने भाग जातो. तुमचा रेडिओ १० च्या उड्या मारत ५५८ च्या डोक्यावरून जातो. सेटिंगमध्ये ९ आणि १० असा पर्याय शोधा. ९ केलं की पुन्हा एकदा शोधायला लावा, कारण मध्यम लहरींच्या जुन्या जागा निरुपयोगी झाल्या. आणि रेडिओ फ्रिजजवळ, एलईडी दिव्याखाली ठेवू नका. खिडकीत ठेवून हळूहळू फिरवा. आतला अँटेना फेराइटच्या कांडीचा असतो, दिशा बदलली की आवाज उठतो.

माई (बी-३०३): ९ केलं. लागलं हो लागलं!! अगदी स्वच्छ. नाना, तुमचे उपकार.

नाना (बी-१०४): वा माई! मनू, तुलाही हेच लागू. व्हीएफओमध्ये शोधताना स्टेप चुकीची असेल तर सेट नेमक्या आकड्याच्या बाजूने निघून जातो. सुरुवातीला ५ किलोहर्ट्झ ठेव.

मनू (सी-६०२): आणि स्कॅन थांबल्यावर लगेच पुढे पळतं. वाक्य अर्धवट राहतं.

नाना (बी-१०४): मेनूत स्कॅन परत सुरू होण्याचे तीन प्रकार असतील. टीओ म्हणजे काही सेकंद थांबून पुढे, समोरचा बोलत असला तरी. सीओ म्हणजे सिग्नल संपल्यावर पुढे. एसई म्हणजे सापडलं की तिथेच मुक्काम. तुझं टीओवर आहे. सीओ कर. आणि एखाद्या जागेवर सतत कुठल्यातरी चार्जरची कुरकुर येत असेल तर ती जागा पुसू नकोस, स्कॅनमधून वगळ. स्किप किंवा लॉकआउट म्हणतात त्याला. जागा राहते, स्कॅन तिला ओलांडून जातं.

काकू (सी-१०१): नाना, तुम्ही बोटीवर हेच करायचात का?

नाना (बी-१०४): रेडिओ ऑफिसर होतो काकू, कान हाच पगार. रेडिओ रूमच्या घड्याळावर दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटं ही दोन लाल पाचरं रंगवलेली असत. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर जगातलं कुठलंही जहाज बोलायचं नाही. संकटात सापडलेल्याचा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून सगळ्यांनी गप्प राहायचं. १ फेब्रुवारी १९९९ पासून संकटाच्या संदेशांची नवी यंत्रणा पूर्ण लागू झाली आणि मोर्सचा तो पहारा संपला. पण व्हीएचएफवर चॅनेल १६ वर कान ठेवायचा रिवाज राहिला. मनू, तुझ्या सेटमधलं प्रायॉरिटी किंवा ड्युअल वॉच त्याच कामाचं. तू एका जागेवर ऐकत असतेस आणि सेट थोड्या थोड्या वेळाने दुसऱ्या महत्त्वाच्या जागेवर डोकावून येतो. तिथे तुमच्या हॅम गटाचा रिपीटर ठेव. नेमके आकडे गटातल्या जुन्या माणसांकडून घे, ऑनलाइन यादीतून नको.

मनू (सी-६०२): मग बाकीच्या जागांत काय भरू?

नाना (बी-१०४): या प्रश्नाची वाटच बघत होतो. अंतराळ स्थानक भर! १४५.८०० मेगाहर्ट्झ एका जागेत. तिथे कधी अंतराळवीर शाळांशी बोलतात, कधी चित्रं पाठवली जातात. आणि ४३७.८०० वर त्यांच्या रिपीटरचा आवाज खाली येतो. नेहमी चालू असतोच असं नाही, पण असतो तेव्हा जगभरचे हॅम त्यावर गर्दी करतात. त्याला एक नाही, पाच जागा दे.

मनू (सी-६०२): पाच का?

नाना (बी-१०४): स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं. ते आपल्याकडे येत असताना फ्रिक्वेन्सी जरा वर ऐकू येते, दूर जाताना खाली. डॉप्लर. दोन मीटरवर हा फरक साडेतीन किलोहर्ट्झच्या आत, एफएममध्ये निभावतो. पण ४३७ वर तो दोन्ही बाजूंना १० पर्यंत जातो, तिथे निभावत नाही. म्हणून ओळीने भर: ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५, ४३७.७९०. क्षितिजावर आलं की पहिल्या जागेवर, वर चढताना दुसऱ्या, अगदी जवळ असताना मधल्या, मग उतरत शेवटच्या. आकडे टाकायला वेळ नसतो, आपल्या आकाशातून जाणारी संपूर्ण फेरी फार तर दहा मिनिटांची. पाच जागा शेजारी असल्या की नुसतं एक बटण खाली-खाली. मेमरी म्हणजे काय हे मला विचारशील तर हे. १२८ आकडे साठवणं नव्हे.

दादा (ए-५०४): हे भारी आहे. मला हे सुचलंच नसतं. नावं एस१ ते एस५ देऊ?

नाना (बी-१०४): उत्तम. आणि या पाचांना स्कॅनमधून वगळा, कारण स्थानकासाठी स्क्वेल्च पुन्हा शून्यावर लागेल. सिग्नल इतका बारीक की दार लावलं तर आत येणारच नाही. म्हणजे तेव्हा स्कॅन बंद, जागा बदलायच्या त्या बोटाने. मनू, पाठवायचं बटण मात्र अजून लॉक ठेव. आधी महिनाभर फक्त ऐक.

सेक्रेटरी (ए-२०१): गच्चीवर कायमचा अँटेना लावणार का? तसं असेल तर मीटिंगमध्ये ठेवावं लागेल.

मनू (सी-६०२): नाही काका, सध्या हातातला सेट आणि त्याचाच अँटेना.

सेक्रेटरी (ए-२०१): मग हरकत नाही. गच्चीची चावी वॉचमनकडून घे, रजिस्टरमध्ये नोंद कर. एकटी जाऊ नकोस, कोणीतरी मोठं बरोबर असू दे.

नाना (बी-१०४): मी येतो. लिफ्टच्या मशीनरूमपासून लांब, टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात उभं राहू. लिफ्ट चालली की तिच्या इन्व्हर्टरचा फार गोंगाट होतो. पश्चिमेला डोंगर आहे, तिकडून येणारी फेरी जरा उशिरा ऐकू येईल. तू स्थानकाच्या वेळा काढून ठेव. आणि एक वही आण. प्रत्येक जागेसमोर आकडा, टोन आणि काय ऐकलं ते लिहायचं.

मनू (सी-६०२): आत्ताच बघितलं. उद्या संध्याकाळी ७ च्या पुढे एक चांगली फेरी आहे, बरीच वरून. पावणेसातला जिन्यात भेटू?

नाना (बी-१०४): साडेसहाला. पाचही जागा वर जाण्याआधी माझ्यासमोर एकदा हाताने भरून दाखव.

दादा (ए-५०४): मीही येतो. लॅपटॉप न आणता.

माई (बी-३०३): पेढे तेवढे विसरू नका.