सोलेर्सने मतं बदलली म्हणून 'तेल केल' रद्दीत घालायचं?

दूरचा दिवा
काल इथे कुणीतरी फ्रेंच कादंबरीकार फिलिप सोलेर्सला 'वारा येईल तशी पाठ देणारा' म्हणून निकालात काढलं. फार लागलं. पहिल्याच कादंबरीला कॅथलिक मोरियाक आणि कम्युनिस्ट आरागाँ, दोन टोकांच्या दोघाही लेखकांची शाबासकी. दुसरीला 1961चं मेदिसीस पारितोषिक. तसंच लिहीत राहिला असता तर सुखात जगला असता. पण त्याने 23व्या वर्षी मित्रांबरोबर 'तेल केल' हे साहित्यिक नियतकालिक काढलं, बार्थ, देरिदा, फूको, क्रिस्तेवा असे विचारवंत छापले आणि 94 अंक चालवले. एक तरी अंक चाळलाय का?

कोरडी विहीर
ती पोस्ट माझी. अंक चाळलेत, म्हणूनच बोलतो. 1974च्या एप्रिलमध्ये हे लोक चीनला गेले. तीन आठवडे जे दाखवलं ते पाहिलं. बार्थच्या वह्यांत पानोपानी कंटाळा आहे, सोलेर्स मात्र भारावलेला. मग माओचं कौतुक गुंडाळलं आणि 1977मध्ये अमेरिकेवर जाडजूड अंक! माझे वडील पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते होते. नेत्यांनी मतं बदलली, त्यांना पदं मिळाली. वडील शेवटपर्यंत भाड्याच्या खोलीत राहिले. मत बदलण्याची किंमत भलताच कुणी मोजतो, हे मी घरात पाहिलंय.

मुद्रितशोधक
राजकारण राहू द्या. त्याच्या 'पारादी' कादंबरीत एक स्वल्पविराम नाही! बावीस वर्षं मुद्रितं तपासतोय. वाक्य कुठे संपतं ते वाचकाने शोधायचं, ही लेखकाची मुजोरी आहे.

दूरचा दिवा
मोठ्याने वाचा, श्वास बरोबर थांबतो. तो स्वतः जाहीर वाचन करायचा.

पोथीवाली
आणि आपल्या पोथ्या? शब्दसुद्धा सलग लिहिलेले. मराठीत विरामचिन्हं रुळवली मेजर कँडीने, एकोणिसाव्या शतकात. आजी अशाच पोथीतून ओव्या वाचायची, कधी अडखळली नाही.

मुद्रितशोधक
ओवीला छंद असतो, बाई! गद्याला काय असतं? आजीला अर्धी पोथी पाठ असणार.

पोथीवाली
पाठ नव्हती. माझ्या आजीबद्दल तुम्ही मला सांगू नका.

मुद्रितशोधक
चुकलो. आजीबद्दलचं मागे घेतो, गद्याबद्दलचं नाही.

कोरडी विहीर
बरं, संपादक म्हणून तो मोठा, हे मान्य. पहिल्या अंकाच्या सुरुवातीलाच कवी फ्रान्सिस पाँजची सुक्या अंजिरावरची कविता ठेवायला नजर लागते. पण त्यांनी चीनवर काढलेला अंक वडिलांच्या खोलीत बसून वाचून दाखवा कुणीतरी.