मदत हवी आहे : फोर-व्हील लागत नाहीये

काजूबाग
गाडीचं फोर-व्हील (चारही चाकांना जोर) लागत नाहीये, चार दिवस झाले. बागेत जायला जांभ्याचा चढ आहे. पावसात अर्ध्यावर गेलं की मागची चाकं जागेवर फिरतात आणि गाडी तिरकी होते. खताच्या बारा गोणी खाली रस्त्याकडेला ताडपत्रीखाली पडल्यात. इथल्या एका मेकॅनिकने फ्यूज बघितले, ठीक आहेत म्हणे. दुसरा म्हणतो ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा डबा) उतरवू, तीस हजार धरून चाला. काय करू? जरा लवकर सांगा.

दहाबाराचा_पाना
गाडी कोणती? लिव्हर की नॉब? डॅशवर फोर-व्हीलचा दिवा लागतो का?

भटकी
टायर बघा आधी. मी जाड खाचांचे टायर टाकल्यापासून फोर-व्हीलला हातच लावलेला नाही. टू-व्हीलमध्ये सगळं चढते.

काजूबाग
टायर सहा महिन्यांपूर्वीच घेतलेत, प्रश्न टायरचा नाही. डिझेल आहे, दहा वर्षं जुनी. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, मागच्या धाग्यावर त्यावरूनच मारामारी झाली होती. नॉब आहे : टू-एच (मागची दोन चाकं), फोर-एच (चारही), फोर-एल (चारही, हळू पण जास्त जोर).

दहाबाराचा_पाना
दिव्याचं राहिलं.

काजूबाग
दिवा लागतो की. लगेच लागतो. म्हणून तर डोकं फिरलंय.

दहाबाराचा_पाना
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं राव! दिवा लागतोय म्हणजे ट्रान्सफर केस बहुतेक आपलं काम करतेय. पुढच्या हबांवर (चाकाच्या मधोमध, चाक अ‍ॅक्सलच्या दांड्याला जोडणारा भाग) बारीक रबरी पाइप जातात का बघा. जात असतील तर हब व्हॅक्यूमवर (पाइपातून हवा ओढून) लॉक होतात आणि तुमचं दुखणं तिथेच आहे. तीस हजार खिशातच ठेवा.

जुनी_जीप
म्हणून म्हणतो, हे नॉब-बिब नकोच. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमाराला आपल्याकडे विलीज जीप जोडायला घेतल्या, त्या घराण्याच्या गाड्यांना दोन दांडे असायचे. दांडा ओढला, खट्ट आवाज आला, काम झालं. पुढे हबला हाताने फिरवायचे लॉक आले. फार तर काय, चिखलात उतरावं लागायचं. वडिलांची जीप अजून अंगणात उभी आहे आणि फोर-व्हील आजही लागतं.

कोल्हापुरी_रांगडा
काका, जीप अंगणात उभी हाय म्हणूनच लागतंय ते 😀 दादा, सोलेनॉइड (व्हॅक्यूम उघडबंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) बदला सरळ. माझं तेच गेलं हुतं. फुडचं काय बघू नका.

दहाबाराचा_पाना
न तपासता बदला म्हणणं म्हणजे ताप आला की दात काढा. आधी हे करा. सपाट जागा, न्यूट्रल, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. पुढचं एक चाक जॅकवर घ्या. इंजिन चालू ठेवून फोर-एच टाका आणि चाक हाताने फिरवा. गाडीखाली डोकं घालायचं नाही, अ‍ॅक्सलवर बाहेरून बॅटरी मारा. चाक एकटंच फिरलं आणि अ‍ॅक्सल ढिम्म, तर हब उघडा. अडलं किंवा अ‍ॅक्सल सोबत फिरला, तर लॉक आहे. मग दुसऱ्या बाजूला तेच.

मिशिगनकर
आमच्याकडे रस्त्यावरच्या मिठाने पुढच्या अ‍ॅक्सलचा अ‍ॅक्च्युएटर (जोड लावणारा भाग) गंजून जाम होतो. खालून गंज दिसतोय का?

भटकी
आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकून वळू नका हं. मधे डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतो, सगळं ताणून बसतं. तसं झालं तर सरळ रिव्हर्स घ्यायची, सुटतं.

काजूबाग
डांबरावर कोण टाकतंय? मिशिगनकर, इथे मीठ नाही, पाऊस आहे. पाना, दोन्ही चाकं एकटीच फिरली.

दहाबाराचा_पाना
ब्रेक कसा आहे? कडक लागतो का?

काजूबाग
हो, महिनाभर कडक आहे. त्याचा इथे काय संबंध?

दहाबाराचा_पाना
अहो! अल्टरनेटरच्या मागे जो व्हॅक्यूम पंप आहे, तोच ब्रेकच्या बूस्टरला (पेडल हलकं करणारा डबा) आणि हबांना व्हॅक्यूम पुरवतो. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून स्टार्ट मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पंप कमजोर किंवा पाइप फुटलेला. आणि ही गाडी महिनाभर कोकणात चालवताय?

कोल्हापुरी_रांगडा
आता मान्य. सोलेनॉइड ऱ्हायलं बाजूला, ब्रेक बघा आधी.

काजूबाग
सापडलं! पेडल हललं नाही म्हणून पंपापासून पाइप चाचपत गेलो. बूस्टरकडून हबांकडे फाटा फुटतो त्या टी-पाशी रबर फाटलंय, कडेला उंदराचे दात स्पष्ट. इंजिन चालू असताना बोट ठेवलं तर सूंऽऽ करत ओढतंय. नवा जाड पाइप टाकला, ब्रेक लोण्यासारखा झाला. उजवा हब लॉक होतोय, डावा नाही. निदान अर्धं तरी लागलं.

दहाबाराचा_पाना
अर्धं नाही, शून्य. पुढचा डिफरन्शियल साधा असतो, सगळा जोर सुट्या बाजूने निघून जातो. जनावरांच्या औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणा. इंजिन बंद, डाव्या हबचा पाइप काढून चाकाकडच्या तोंडाला लावा आणि दट्ट्या ओढा. सोडल्यावर दट्ट्या परत आत गेला तर जागा हवाबंद आहे. ओढला तिथेच राहिला तर सील गेलंय.

जुनी_जीप
जीपला सिरिंज लागत नसे. असो.

काजूबाग
दट्ट्या तिथेच राहतो. सील इथे मिळत नाही, उद्या आंबा घाटातून कोल्हापूरला जाऊन आणतो. गोणी शेवटी शेजारच्यांच्या ट्रॅक्टरने वर चढवल्या. दोन फुटल्या होत्या.

भटकी
ओले काजूगर घरपोच देता का? पुण्यात.

काजूबाग
आत्ता श्रावणात? मार्चमध्ये विचारा.